झटकन की आचके देत?

पोफळी मागे पडली की कुंभार्ली घाटाचा चढ लागतो. जुलै महिना धरा. सर नुकतीच येऊन गेलीये, पण डोंगर अजून निथळतोय. आतल्या बाजूच्या गटारातून लालसर पाणी धावतंय आणि दरीकडे धुक्याशिवाय काही दिसत नाही. शंभर सीसीची जुनी मोटारसायकल दुसऱ्या गिअरमध्ये चढतेय. मागे कोणी बसलेलं नाही, हँडलला अडकवलेल्या पिशवीत दोन कपडे आहेत. एका वळणाच्या अलीकडे गाडीचा आवाज पातळ होतो. तुम्ही मूठ पिळता, ती उचलत नाही. एक हिसका बसतो. मग ती थोडी सावरते, चार-सहा हात बरी जाते, पुन्हा हिसका. तिसऱ्या वेळी सावरत नाही.

आता काहीही करू नका.

म्हणजे गाडी कडेला घ्या, मधल्या स्टँडवर चढवा, किल्ली फिरवून बंद करा, एवढं करायलाच हवं. पण किक मारू नका. पाय आपोआप तिकडे जाईल. माझा तर जातोच. वीस किक मारायच्या, चोक द्यायचा, चोक काढायचा, प्लगची कॅप उपटून परत दाबायची, गाडी आडवी करून हलवायची, आणि या सगळ्या झटापटीत ती कधीतरी सुरू झाली की सुटलो म्हणून निघायचं. नेमकं कशाने सुरू झाली ते कळलेलं नसतं. म्हणून तीच गाडी पुढच्या आठवड्यात त्याच वळणावर उभी राहते.

कठड्यावर बसा. दगड ओला आहे, असू दे.

ऐका. सायलेन्सरमधून बारीक टिक-टिक येतेय. तापलेला पत्रा निवताना आकसतो, त्याचा हा आवाज. आधी भरभर येतो, मग दोन टिकटिकींमधलं अंतर वाढत जातं. नाकालाही काम द्या. पेट्रोलचा वास येतोय का? जळक्या रबराचा? करपलेल्या तेलाचा? काहीच येत नसेल तर तेही ध्यानात ठेवा.

आणि आता मागे जा, फक्त अर्धं मिनिट. शेवटचं अर्धं मिनिट कानांनी पुन्हा ऐका.

आमच्या गावच्या मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड. मिस्त्री वडिलांच्या वयाचे, मला कायम ‘अरे’ म्हणणारे. गाडी ढकलत नेली की ते पान्ह्याला हात लावत नसत. हातातलं काम न सोडता विचारत, “बंद कशी पडली? झटकन की आचके देत?” पहिल्या वेळी मी म्हटलं होतं, “बंदच पडली, मिस्त्री.” ते म्हणाले, “ते दिसतंय रे. कशी पडली ते विचारतोय.” मला सांगता आलं नाही. गाडी बंद पडली याचाच मला एवढा राग आला होता की ती कशी पडतेय याकडे मी पाहिलंच नव्हतं.

समईच्या दोन रीती आठवा. दारातून झुळूक आली की ज्योत एका क्षणात जाते, वातीचा धूर तेवढा राहतो. तेल संपत आलं असेल तर असं होत नाही. ज्योत लहान होते, मध्येच मोठी होते, तडतडते, पुन्हा मिणमिणते, आणि तिला जायला बराच वेळ लागतो. गाडीचंही तसंच. करंट गेला तर इंजिन बटण दाबल्यासारखं मरतं. आधीच्या क्षणापर्यंत पूर्ण ताकद, पुढच्या क्षणी काही नाही. पेट्रोल कमी पडलं तर आचके देतं. हा काही अटळ नियम नव्हे. प्लगच्या कॅपमध्ये पाणी शिरलं तर करंटसुद्धा येतो-जातो आणि गाडी आचके दिल्यासारखी मिसिंग मारते. पण सुरुवात करायला एवढं पुरतं.

आणखी दोन रीती आहेत, त्या लवकर आटपतो. गाडी जड होत गेली, आवाज दबला, मागून कोणी धरून ठेवल्यासारखं वाटलं आणि मग थांबली, तर गाडी ढकलून बघा. ब्रेक धरून राहिला असेल किंवा ऑइल संपून पिस्टन पकडला असेल. ऑइलचा संशय आला तर मात्र किक मारायची चूक खरंच महागात पडते. दुसरी रीत उलटी. इंजिन जोरात ओरडतंय आणि गाडी मात्र सरकत नाही. तिथे इंजिनाचा काही दोष नाही, क्लचप्लेट घसरतेय.

आणि हो, उजव्या मुठीजवळचं लाल बटण एकदा बघून घ्या. इंजिन बंद करायचं ते बटण चुकून दाबलं गेल्यामुळे किती शहाण्या माणसांनी किती किलोमीटर गाड्या ढकलल्यात याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. मी एक किलोमीटर ढकललीये.

बघितलंत? ठीक आहे. आता डोळे मिटा आणि टाकीच्या झाकणापासून एका थेंबाबरोबर खाली उतरायला लागा. घाई नको.

टाकीत पेट्रोल आहे. हलवून बघितल्यावर खळखळ ऐकू आली, म्हणजे आहे. टाकीच्या पोटात कॉकला दोन नळ्या असतात, एक उंच, एक बुटकी. पेट्रोल उंच नळीच्या तोंडाखाली गेलं की गाडी आचके देते आणि आपण कॉक ‘रिझर्व्ह’ला फिरवतो, मग बुटकी नळी तळातलं उरलेलं घेते. पावसाळ्यात त्या तळातच पाणी बसलेलं असतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड. त्यामुळे रिझर्व्हला लावल्याबरोबर गाडी सुधारायच्या ऐवजी बिघडली, तर तो तळ काय सांगतोय ते कळतं. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची गोष्ट थोडी वेगळी. इथेनॉल आधी थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं, पण मर्यादेपलीकडे गेलं की पाण्याला घेऊन तेच पेट्रोलपासून फुटतं आणि दोघं मिळून खाली बसतात. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीच्या मालकाने हे लक्षात ठेवावं.

कॉकमधून पारदर्शक रबरी नळीत. इथे थेंब डोळ्यांना दिसतो. नळी कडक झालीये का, कुठे मुडपलीये का? पुढे कार्बोरेटर. त्याच्या खालच्या वाटीत एक फ्लोट असतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत जो बॉल असतो, पाणी चढलं की वर येऊन नळ बंद करतो, त्याचाच हा बोटभर भाऊ. वाटीत पेट्रोल ठरावीक उंचीला आलं की फ्लोट सुई वर ढकलतो आणि वाट बंद. पेट्रोल खर्च झालं की फ्लोट खाली, वाट उघडी. दिवसभर, हजारो वेळा.

या वाटीच्या बुडाशी एक लहान स्क्रू असतो. इंजिन निवल्यावर तो सैल करून पेट्रोल एका काचेच्या बाटलीत धरा आणि बाटली उजेडात तिरकी करा. पाणी असेल तर पेट्रोलखाली एक गोल, चकाकता थेंब दिसेल. तो पेट्रोलमध्ये मिसळत नाही, पाऱ्यासारखा बुडाशी घरंगळतो, बाटली सरळ केली की परत मध्यभागी येऊन बसतो. जेवढ्या पेट्रोलवर गाडी जेमतेम दोन किलोमीटर जाईल, तेवढ्यातला तो एक थेंब. जेटचं भोक मिलिमीटरभरसुद्धा नसतं. त्या भोकावर हा थेंब येऊन बसला की पुढे काही जात नाही.

जेटही दोन असतात, आणि कुठला बुजलाय ते गाडीच सांगते. उभी असताना नीट धडधडते, पण मूठ पिळली की मान टाकते, तर मेन जेटकडे बघायचं. मूठ पिळून ठेवली तर चालते, सोडली की बंद पडते, तर स्लो जेट. आणि एक प्रयोग फुकटचा आहे: आचके सुरू झाल्यावर किंचित चोक देऊन पाहायचा. चोक दिल्यावर गाडी सुधारली, तर तिला पेट्रोल कमी पडत होतं किंवा कुठूनतरी जास्तीची हवा घुसत होती. चोक दिल्यावर आणखी गुदमरली, तर पेट्रोल आधीच जास्त झालेलं आहे.

कमी झालं तरी मरते, जास्त झालं तरी मरते. इथे जरा थांबूया, कारण याच फ्लोटच्या वाटीवरून एकदा जीवनमरणाचा प्रश्न आला होता.

1940 साली इंग्लंडच्या आकाशात स्पिटफायर आणि हरिकेन ही लढाऊ विमानं जर्मन मेसरश्मिट 109 शी झुंजत होती. दोन्ही इंग्रजी विमानांत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं, आणि त्याला आपल्या गाडीसारखाच फ्लोटचा कार्बोरेटर. जर्मन विमानात पेट्रोल थेट फवारलं जायचं. पाठलाग होऊ लागला की जर्मन वैमानिक विमानाचं नाक सरळ खाली दाबून सूर मारायचा. इंग्रज वैमानिकानं तसंच केलं की त्याचं इंजिन खोकायचं आणि दम सोडायचं. तोवर समोरचा निसटलेला असायचा. यावर तोडगा म्हणून ते आधी विमान अर्धं पालथं करून मग सूर मारत, पण त्यात मोलाचे क्षण जात.

फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेत बीट्रिस शिलिंग नावाच्या अभियंता होत्या. नाक अचानक खाली गेलं की वाटीत काय होतं? वजन उलटं झाल्यासारखं पेट्रोल वाटीच्या छताला जातं. जेटची तोंडं उघडी पडतात, इंजिन क्षणभर उपाशी. हा पहिला खोकला. पण फ्लोटचंही उलटंच होतं. वाटी रिकामी आहे असं समजून सुई सताड उघडी राहते, आणि पंप पूर्ण जोराने पेट्रोल आत लोटतो. आता इंजिन बुडतं. हा दुसरा खोकला, पहिल्यापेक्षा लांब आणि घातक. वैमानिकाला दोन्ही एकच वाटणार. एक भुकेचा, दुसरा अतिभरणाचा, दोहोंमध्ये क्षणांचं अंतर. शिलिंग यांनी बंदोबस्त केला तो दुसऱ्याचा. पितळेची एक छोटी चकती, मधोमध नेमक्या मापाचं भोक. पूर्ण ताकदीला इंजिनाला जेवढं पेट्रोल लागतं तेवढंच त्यातून जाणार, जास्त नाही. विमान खोलून न ठेवता ती पेट्रोलच्या वाटेत बसवता येत असे. 1941 च्या सुरुवातीला त्या स्वतः छोटं पथक घेऊन विमानतळांवर फिरल्या आणि चकत्या बसवून घेतल्या. पुढे कार्बोरेटरची रचनाच बदलली, पण तोवर या चकतीवर भागलं. शिलिंग बाई मोटारसायकलच्या शर्यतीही मारत. 1934 मध्ये ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन गाडीवरून ताशी 106 मैलांची फेरी मारून त्यांनी तिथला सुवर्णतारा मिळवला होता. इंजिन अंगाखाली खोकतं तेव्हा कसं वाटतं, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं.

चला, घाटात परत. टिक-टिक आता जवळजवळ थांबलीये.

थेंब जेटमधून वर आला आणि हवेला भेटला. हवेचा विचार आपण क्वचितच करतो, कारण ती भरावी लागत नाही. एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण 9,000 लिटर हवा लागते. म्हणजे उन्हाळ्यात गावाला पाणी घालणारा दहा हजार लिटरचा टँकर जवळजवळ भरेल एवढी हवा, दर लिटरमागे, एका एअर फिल्टरमधून. त्या फिल्टरवर धुळीचा थर असेल किंवा तो भिजलेला असेल तर गाडी बंद पडेलच असं नाही. बापडी दमेकऱ्यासारखी चालेल आणि पेट्रोल जास्त पिईल. ही तक्रार महिनोन्महिने हळूहळू वाढते, म्हणून आपल्याला कळत नाही. गाडी उधार घेऊन गेलेला मित्र परत येऊन सांगतो, “उचलत नाही रे तुझी गाडी.” महाबळेश्वरला, सुमारे 1,370 मीटरवर, हवाच समुद्रसपाटीपेक्षा साधारण 12-13 टक्के विरळ असते, तिथे जी ताकद कमी भासते, तिच्यासाठी मिस्त्रीकडे जाऊ नये.

हवा आणि पेट्रोल आत गेलं, पिस्टनने दाबलं, आणि आता ठिणगी. मिनिटाला 6,000 फेरे फिरणाऱ्या आपल्या चार स्ट्रोकच्या इंजिनात सेकंदाला 50 स्फोट व्हायला हवेत. त्यातले दोन-चार चुकले की त्याला आपण मिसिंग म्हणतो. प्लगच्या दोन टोकांतली फट सात-आठ दशांश मिलिमीटर. ती ओलांडायला हजारो व्होल्ट लागतात. प्लग काढलात तर लगेच पुसू नका. आधी रंग बघा. भाजलेल्या बदामासारखा तांबूस असेल तर आतलं सगळं ठीक. कोरडा काळा, काजळीसारखा बोटाला लागणारा असेल तर पेट्रोल जास्त होतंय. काळा पण तेलकट, चकचकीत असेल तर ऑइल वर येतंय, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचं सील. हा खर्च रस्त्यात होण्यासारखा नाही. पांढुरका, चुन्यासारखा असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि इंजिन फार तापलेलं. मग प्लग कॅपमध्ये घालून त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवायचं आणि किक मारून ठिणगी बघायची. टाकीचं झाकण बंद आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नसेल तरच. निळी, टक् असा आवाज करणारी ठिणगी आली तर अर्धं जग संशयातून सुटलं.

दाबाबद्दल थोडक्यात. किक पायाला हलकी लागते का, नेहमीसारखी परत ढकलत नाही का, एवढंच रस्त्यात कळतं. कळलं तरी रस्त्यात काही करता येत नाही.

डिझेलवाल्यांना यातली ठिणगी वजा. तिथे हवाच एवढी दाबतात की ती 500 अंशांपलीकडे तापते आणि डिझेल फवारताच पेटतं. म्हणून ट्रॅक्टर चालता चालता आचके देऊन बंद पडला की जुना ड्रायव्हर आधी म्हणतो, “एअर धरली.” नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पंप त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो, डिझेल पुढे सरकत नाही. मग नट सैल करून हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग थुंकल्यासारखं डिझेल, आणि शेवटी सलग धार. ती धार पाहणं हे मला अजूनही फार समाधानाचं काम वाटतं.

आणि 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली, सेन्सर आले, पिवळा दिवा आला. दिवा लागला की मशीन जोडून क्रमांकावरून कुठल्या सेन्सरची तक्रार आहे ते वाचता येतं. तक्रार का आहे, हे मात्र तो क्रमांक सांगत नाही. सेन्सर खराब आहे, की उंदराने वायर कुरतडलीये, की सेन्सर खरंच बोलतोय, हे कोणीतरी वाकून बघावंच लागतं.

आता ती घाटातली गाडी. ती माझी होती, तुम्हाला उगाच बसवलं तिच्यावर.

दोन आठवडे तिचं हे चाललं होतं. सहा-सात किलोमीटर छान जायची, मग आचके, मग बंद. दहा मिनिटं थांबलं की काही न करता सुरू. सपाट रस्त्यावर कधी पंधरा किलोमीटर जायची, चढ लागला की लगेच. मिस्त्री लेकीकडे गेले होते, म्हणून दुसऱ्या एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या मुलाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “दादा, गरम झाली की बंद, गार झाली की चालू, म्हणजे कॉइल.” त्याचं चुकलं नव्हतं. तापली की आतली तार सुटणारी आणि निवली की जुळणारी कॉइल ही अगदी खरी भानगड आहे. त्याने कॉइल बदलली, प्लग बदलला आणि जाता जाता कार्बोरेटरही धुतला. तीन गोष्टी एकदम. गाडी तशीच राहिली, आणि आता या तिन्हींपैकी कशाचा काय परिणाम झाला तेही कळायला मार्ग उरला नाही.

कठड्यावर बसून मी मिस्त्रींचा प्रश्न स्वतःला विचारला. झटकन की आचके देत? आचके देत. मग कॉइलकडे कशाला गेलो आपण? थांबलं की सुरू होते, हे खरं. पण थांबल्यावर फक्त इंजिन निवत नाही. थांबल्यावर आणखी काय होत असेल? दहा मिनिटांत कुठेतरी काहीतरी भरत असेल.

गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना आई एका कोपऱ्यात भोक पाडायची आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरं. लहानपणी मी विचारलं होतं, दोन कशाला? तिने दुसऱ्या भोकावर अंगठा ठेवून दाखवला. धार आधी डुचमळली, मग बारीक झाली, मग थांबली. अंगठा काढला, परत वाहू लागली.

टाकीच्या झाकणात तसं दुसरं भोक असतं. जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला. जुन्या गाड्यांत पेट्रोल खाली ढकलायला पंप नसतो; टाकी कार्बोरेटरपेक्षा वीतभर उंच आहे, एवढ्या वजनावरच ते उतरतं. वीतभर पेट्रोलचं वजन ते काय! टाकीतल्या हवेचा दाब दोन टक्के कमी झाला तरी ते जागेवर अडकतं. सपाटीवर पेट्रोल कमी लागतं, कुठल्यातरी फटीतून झिरपणारी हवा तेवढ्याला पुरते. चढावर पुरत नाही. दहा मिनिटं थांबलं की झिरपून झिरपून दाब सारखा होतो, वाटी भरते, आणि गाडी शहाण्यासारखी सुरू होते.

मी उठलो, झाकणाला किल्ली लावली, ते उचललं. खाली टाकीच्या तोंडावर दुधाच्या पिशवीचा चौकोनी तुकडा होता. मीच ठेवलेला. जूनच्या शेवटी टाकीत पावसाचं पाणी गेलं होतं, त्यावर उपाय म्हणून पिशवी कापून तोंडावर पसरली होती आणि वरून झाकण दाबलं होतं. पाणी जायचं थांबलं होतं, म्हणून मी ते विसरूनही गेलो होतो. बिघाडांच्या यादीत हा तुकडा मी धरलाच नव्हता, कारण तो माझ्या हिशेबात इलाज होता.

तुकडा सपाट नव्हता. मधोमध आत ओढला गेला होता, गालावरच्या खळीसारखा, आणि निळी छापील अक्षरं त्या खळीत ताणून वाकडी झाली होती. झाकण काढलेलं, तरी तो तोंडाला घट्ट चिकटून. मी क्षणभर नुसता बघत राहिलो. मग नखाने एक कड उचलली. सुस्स झालं, आणि खळी गेली. कान टाकीला लावला तर नळीतून पेट्रोल उतरत होतं. आवाज जेमतेम, पण होता. वीसपर्यंत मोजलं. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि हेळवाकपर्यंत एकदाही खोकली नाही. तिथे चहाला थांबलो तेव्हा पुन्हा पाऊस लागला, आणि मी टाकीवर रुमाल धरून उभा.

मिस्त्री लेकीकडून परतल्यावर त्यांना सगळं सांगितलं. तुकडा दाखवला. ते हसले नाहीत. म्हणाले, “पण पाणी मुळात आत का जात होतं?” झाकण टाकीच्या सपाटीत बसणारं होतं. त्याच्या भोवतीच्या खळग्यात पडलेलं पावसाचं पाणी बाहेर सोडायला एक बारीक नळी टाकीच्या पोटाखालून निघते, हे मला ठाऊकच नव्हतं. मिस्त्रींनी सायकलच्या चाकाची जुनी तार घेतली, खालून नळीत सारली आणि दोन बोटांत फिरवली. वाळलेल्या मातीचा भुगा पडला. मग एक गुळगुळीत, पोकळ ढेकूळ. कुंभारीण माशीने मे महिन्यात तिथे घर केलं असणार, तेव्हा गाडी पडवीत नुसती उभी होती.

मिस्त्रींनी ते तळहातावर घेऊन फोडलं. आत कोळ्यांचे वाळके पाय होते, सात-आठ.